तात्यासाहेबांची पिशवी आणि माझा स्टँड

मला खरं म्हणजे फक्त एक हूक हवा होता. साधा, लोखंडी, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात कागदाच्या पुडीत बांधून देतात तसला. त्या हुकापायी बडोद्याच्या सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत मी हसण्याचा विषय झालो, एका बँकेत भर गर्दीत माझी शोभा झाली आणि सोसायटीच्या चिटणिसांच्या स्कूटरचा दिवा मला भरून द्यावा लागला. पण त्याच हुकापायी माझे सासरे अंथरुणातून उठले, त्यामुळे उघड तक्रार करायचीही सोय राहिली नाही.

सासरे म्हणजे तात्यासाहेब. महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर होते. बडोद्यातल्या कुठल्याही गल्लीचं नाव काढा, तिथे राहणाऱ्या माणसांची नावं त्यांना आठवायची नाहीत, पण गल्लीखालून जाणाऱ्या पाइपची जाडी आठवायची. लग्नाची बोलणी करायला आम्ही त्यांच्या पाणीगेटच्या घरी गेलो, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नव्हता. "तुमच्या मजल्यावर पाणी किती जोरात येतं?" एवढंच विचारलं होतं. मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो. पाणी येतं की नाही एवढंच मला कळतं. त्यांनी माझ्याबद्दल तिथेच काय ते मत करून घेतलं असावं.

तर अशा माणसाचीच लाइन तुंबली. प्रोस्टेटने वाट अडवली आणि हृदयाने ऑपरेशनला नकार दिला. डॉक्टर म्हणाले, आता कायमची नळी. आत मूत्राशयात नळीचं एक टोक, बाहेर दुसऱ्या टोकाला पिशवी, आणि ठरावीक मुदतीने दवाखान्यात येऊन नळी बदलून घ्यायची. इस्पितळातल्या सिस्टरने माझ्या बायकोला, सुनेत्राला, सगळं समजावलं. हात धुतल्याशिवाय कशाला शिवायचं नाही. पिशवी काठोकाठ भरू द्यायची नाही. नळीला पीळ नको, ताण नको. पिशवी जमिनीला टेकता कामा नये. या शिकवणीच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर होतो. खोलीत जागा कमी होती. सुनेत्राचं म्हणणं असं की मला घेरी आली होती. ते तिचं म्हणणं आहे.

तात्यासाहेबांना आम्ही आमच्याकडे आणलं आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. ज्या माणसाच्या बोलण्याने आमचा दिवाणखाना दणाणायचा, तो मागच्या खोलीत चादर गळ्यापर्यंत ओढून पडून राहू लागला. कुणी भेटायला आलं की झोपेचं सोंग. मी एकदा म्हटलं, "तात्यासाहेब, बाहेर येऊन बसता का? क्रिकेट लागलंय." ते भिंतीलाच म्हणाले, "मुकुंदराव, मी आता चारचौघांत बसण्यासारखा राहिलो नाही."  मी टीव्हीचा आवाज कमी केला.

आता हुकाकडे येतो. आमचा पलंग म्हणजे खाली खण असलेला दिवाण. त्याला पाय नाहीत, दांडा नाही, काही बांधायला जागाच नाही. सुनेत्राने पिशवीला परकराची नाडी बांधून ती गादीखाली खोचली होती. पिशवी रात्रंदिवस घसरायची. मला वाटलं, आपण घरातले पुरुष, निदान एक हूक तरी बसवू. मी ड्रिल मागून आणलं. दिवाणाच्या सनमायक्याला एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला, आणि हूक आतल्या खणात पडला. तो बहुधा अजून तिथेच असेल.

ड्रिलचा आवाज ऐकून वरच्या मजल्यावरच्या कुसुमावतीकाकू खाली आल्या. काकूंचं सगळं आयुष्य लोकांच्या दुखण्यांवर उपाय सांगण्यात गेलं आहे, आणि त्यांचे उपाय झेलूनही लोक जगतात यावरून बडोद्याची हवा चांगली असली पाहिजे. त्यांनी खोलीत डोकावून पाहिलं आणि नाकाला पदर लावला.

"अगंबाई! असली वस्तू जमिनीलगत? सुनेत्रा, चांगली उंच खुंटीवर टांग. कुणाचा पाय नको लागायला. आणि जवाचं पाणी दे त्यांना. आमच्या ह्यांच्या मामांना दिलं होतं."

"मग बरे झाले का मामा?" मी विचारलं.

"गेले. पण ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळी."

सुनेत्रा काहीतरी सांगायला गेली, पण मी माझ्या विचारात होतो. काकूंचं "उंच" माझ्या डोक्यात बसलं. इस्पितळात मी जे काही थोडंफार पाहिलं होतं, त्यात सलाइनच्या बाटल्या उंच स्टँडवर टांगलेल्या होत्या. म्हणजे वैद्यकशास्त्रात टांगायच्या वस्तू उंच टांगतात. हे माझं मीच ठरवलं. ज्याला विज्ञान येत नाही, त्याला तर्क फार चटकन सुचतो.

आमच्या शेजारी कीर्तिभाई पंचाल राहतात. गोरव्याला त्यांचा लहानसा कारखाना आहे. मोठमोठ्या कंपन्यांना लागणाऱ्या टाक्या आणि पाइप ते बनवून देतात. मी जिन्यात त्यांना सहज म्हटलं, एखादा छोटा स्टँड मिळेल का कुठे? कीर्तिभाईंच्या डोळ्यांत जे तेज आलं, ते पाहून मी तिथेच थांबायला हवं होतं.

"दादा माटे?" तात्यासाहेबांसाठी का, या अर्थाने ते म्हणाले. "मुकुंदभाई, बाजारनो माल नहीं लेवानो. हुं बनावी दईश. हाइट बोलो."

मी हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवली.

स्टँड टेम्पोतून आला. उतरवायला दोन माणसं लागली. चकचकीत स्टेनलेस स्टीलचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, खाली गाडीच्या चाकाएवढा जाडजूड पाया आणि वर मुकुटासारखे चहूबाजूंनी हूक. एका वेळी चार रुग्ण सामावून घेता आले असते. कीर्तिभाईंनी सोबत नारळ आणला होता. सोसायटीतले पाच-सहा लोक जमले. कुणीतरी मला विचारलं, डिश अँटेना बसवताय का?

स्टँड मागच्या खोलीत नेताना दारावरच्या गणपतीच्या तसबिरीची काच गेली. मी पिशवी हातात घेतली, तात्यासाहेबांच्या पाठीला म्हटलं, "आता तुमची उत्तम सोय झाली बरं का," आणि हात वर केला.

"थांबा!"

किती तरी दिवसांनी त्या खोलीत तो आवाज घुमला. तात्यासाहेब वळले होते. भिंतीकडे नव्हे, आमच्याकडे. त्यांनी स्टँडकडे पायापासून मुकुटापर्यंत पाहिलं.

"हे काय आहे?"

"स्टँड."

"कशाचा?"

"तुमच्या... म्हणजे... या व्यवस्थेचा."

"मुकुंदराव, पाणी कुठून कुठे वाहतं?"

"वरून खाली," मी म्हटलं. तेवढं मला येत होतं.

त्यांनी ओटीपोटावर बोट ठेवलं. "माझी टाकी इथे आहे. आणि तुम्ही पिशवी कुठे लावताय?"

मी वर बघितलं.

"म्हणजे," तात्यासाहेब सावकाश म्हणाले, "सगळ्या शहराचं वापरलेलं पाणी गोळा करून तुम्ही ते परत, जिथून पिण्याचं पाणी येतं त्या आजव्याच्या तलावात सोडताय." आणि ते हसले. आधी नुसतं पोट हललं, मग खांदे, मग ठसका लागेपर्यंत. कीर्तिभाईही हसायला लागले, जमलेले लोकही. मी पिशवी खाली धरून उभा होतो. हसू येत नव्हतं. पण नळी हातात असल्यामुळे खोलीबाहेरही जाता येत नव्हतं.

सुनेत्रा कणकेच्या हातांनी दारात आली. तिने वडिलांकडे पाहिलं आणि परत गेली. त्या दिवशीच्या पोळ्या जरा खारट झाल्या होत्या. मी तसं म्हणालो नाही.

"पेन्सिल आणा," तात्यासाहेब म्हणाले.

त्यानंतर माझं त्या कामातलं स्थान हमालाचं झालं. तात्यासाहेब उशीला टेकून बसले आणि त्यांनी नकाशा काढला. पलंगाची उंची, पिशवीची लांबी, नळीचा उतार, कुठेही झोळ न पडता. कीर्तिभाई खुर्ची ओढून समोर बसले. दोघांचं जे काही चाललं होतं ते मला कळत नव्हतं, पण दोन माणसं इतकी सुखात असलेली मी क्वचित पाहिली आहेत. मी मध्येच म्हटलं, "काकू म्हणत होत्या की जवाचं पाणी..." तात्यासाहेब म्हणाले, "पाणी साधंच पुष्कळ प्यायचं, म्हणजे लाइन धुतलेली राहते. ते मी पाहतो. तुम्ही टेप धरा." मी टेप धरली.

स्टँड गोरव्याला परत गेला आणि गुडघ्याएवढा होऊन आला. कीर्तिभाईंनी आपल्या मनाने त्याला चाकं लावली होती. "दादा फरवा जई शके," ते म्हणाले, म्हणजे तात्यासाहेबांना फिरायला जाता येईल. तात्यासाहेबांना चाकांबद्दल शंका होती. मला नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच आग्रह करून त्यांना सोसायटीच्या आवारात फिरायला काढलं.

आमच्या आवाराला फाटकाकडे उतार आहे. तिथे राहून मला इतकी वर्षं झाली, पण उतार आहे हे त्या दिवशी कळलं. स्टँड आधी नुसता खडखडत होता, त्या आवाजाने गॅलऱ्यांमधून लोक बाहेर आले. मग तो पुढे ओढ घेऊ लागला. माझ्या तोंडून "अरे अरे" निघेपर्यंत तात्यासाहेबांनी शांतपणे पिशवी हुकावरून काढून हातात घेतली आणि स्टँड सोडून दिला. स्टँड एकटाच फिरायला गेला. वाटेत दोन कुत्री त्याच्यामागे लागली, आणि तो फाटकाशी उभ्या असलेल्या चिटणिसांच्या स्कूटरवर जाऊन आदळला.

मी धावलो ते स्कूटरकडे. वळून पाहिलं तर तात्यासाहेब आवाराच्या मधोमध, उघडी पिशवी हातात घेऊन उभे. सगळ्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते. कुणी हसलं नाही, खरं सांगायचं तर. पण सगळ्यांनी एकदम नजर दुसरीकडे वळवली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. तात्यासाहेब घरात गेले. दुपारी मी डोकावलो तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

या वेळी सुनेत्रा पुढे झाली. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं, त्या पाहण्याचा अर्थ "तुम्ही आता काही करू नका" असा होता. मग तिने एक कापडी पिशवी शिवली. खाली रुंद बूड, आत पिशवी उभी अडकवायला बटणं, वर दोन बंद. कापड जुन्या पडद्याचं होतं, त्यावर गुलाबाची फुलं. ती तिने वडिलांपुढे धरली.

तात्यासाहेबांनी बटणं लावून, काढून पाहिली. मग म्हणाले, "फुलं नकोत. खाकी असेल तर बघ."

खाकी मिळालं. लेंग्याच्या बाजूच्या शिवणीत तिने एक चीर ठेवून काठ दुमडला, त्यातून नळी सरळ खाली पिशवीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा भाजी आणायला निघाला आहे. तात्यासाहेब खोलीतल्या खोलीत ती घेऊन चालून पाहू लागले. पण दाराबाहेर पाऊल टाकेनात.

आणि नोव्हेंबर आला. पेन्शनरांनी बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचा महिना. मी ठरवलं, एवढं काम मी परस्पर उरकीन. तात्यासाहेबांचा ताजा फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी आणि माझं ओळखपत्र घेऊन मी काउंटरवर गेलो. क्लार्कने फोटो पाहिला. "फोटो तर गेलेल्यांचेही असतात," तो म्हणाला.

"ते आजारी आहेत. घराबाहेर पडू शकत नाहीत."

"मग आमचे अधिकारी घरी येतात. सोय आहे."

"छान. केव्हा येतील?"

"अर्ज द्यावा लागेल."

"द्या, भरतो."

"तुमचा नाही चालत. पेन्शनरने स्वतः इथे येऊन द्यायचा."

मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर विनोदाची पुसटशी खूण नव्हती. मी मुलांना बँकिंग शिकवतो. त्या दिवसापासून तो धडा मी जरा भरभर घेतो.

घरी येऊन मी हे रागारागाने सांगितलं. मला वाटलं, तात्यासाहेब खिन्न होतील. पण सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसाला दुसऱ्या कार्यालयाचा मूर्खपणा ऐकून वेगळाच हुरूप येतो. ते उठून बसले. "म्हणजे येऊ शकत नाही हे सांगायला यायचं?" ते म्हणाले. "त्यापेक्षा जिवंतच जाऊन येतो. सुनेत्रा, इस्त्रीचा सदरा काढ."

निघताना तिने मला चार गोष्टी पढवल्या: गाडीत पिशवी मांडीवर नको, खाली पायाशी, पण जमिनीला टेकायला नको, लोंबायला नको. मी सगळ्याला हो म्हटलं. कुसुमावतीकाकूंनी वरून हात हलवला आणि साऱ्या सोसायटीला ऐकू जाईल असं विचारलं, "आज नळी काढणार का?"

बँकेच्या दारात बंदूकवाला पहारेकरी होता. गावात कुठेतरी बेवारशी सामान सापडल्याची बातमी असल्यामुळे तो नको इतका सावध होता. त्याने खाकी पिशवीकडे बोट दाखवलं.

"काका, थेली बहार मूको."

मी पुढे झालो. "उसमें ना, जरा प्रायव्हेट सामान है," मी दबक्या आवाजात हिंदीत म्हटलं. आता, बँकेच्या पहारेकऱ्याला दबक्या आवाजात असं काही सांगू नये. त्याने बंदूक सरळ केली. "खोलीने बतावो." म्हणजे उघडून दाखवा. रांगेतली माणसं वळली. मी त्याच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटलो, त्याला ऐकू आलं नाही. "शुं? मोटेथी बोलो!" तो म्हणाला. माझे कान तापले. मला वाटलं, झालं, आता तात्यासाहेब गाडीत परत जाऊन बसतील आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाहीत, आणि हे सगळं माझ्यामुळे.

तात्यासाहेबांनी मला हाताने बाजूला केलं. ते गुजरातीत बोलले, पण मराठी चालीवर, ते मी आपलं मराठीतच सांगतो.

"बाबा रे," ते स्वच्छ आवाजात म्हणाले, "ही माझी लघवीची पिशवी आहे. नळीचं एक टोक हिच्यात आहे आणि दुसरं माझ्यात. पिशवी बाहेर ठेवायची म्हणजे मलाही बाहेर ठेवावं लागेल. आणि मी जिवंत आहे का हे बघायला तर तुमच्याच साहेबांनी मला आत बोलावलंय."

 कॅशियरचं नोटा मोजायचं यंत्र तेवढं फडफडत राहिलं. जी गोष्ट महिनाभर आम्ही चादरीखाली, खाकीखाली, पुटपुटीखाली झाकली होती, ती त्यांनी रेशनच्या दुकानात केरोसीन मागावं इतक्या सहज सांगून टाकली.  पहारेकऱ्याने बंदूक बगलेत मारली, बाकावरच्या दोघांना उठवलं आणि तात्यासाहेबांना तिथे बसवलं. बाकाच्या कडेला त्याने स्वतःच्या हाताने पिशवी अडकवायला जागाही शोधून दिली.

मी पिशवीच्या बाजूला बसलो. कुणाचा धक्का लागू नये म्हणून तिच्या अगदी लगत बसलो. जबाबदारीचं काम होतं.

रांग सरकत नव्हती. थोड्या वेळाने तात्यासाहेबांचा चेहरा बदलला. कपाळावर घाम आला. त्यांनी पोटाखाली हात धरला. "मुकुंदराव," ते म्हणाले, "फ्लो बंद आहे. टाकी भरतेय."

माझं अवसान गेलं. मी उभा राहायच्या ऐवजी बसल्या बसल्याच ओरडलो, "डॉक्टर! कुणी डॉक्टर आहे का? अँब्युलन्स बोलवा!" लोक धावले. कुणी पंख्याखाली न्या म्हणालं, कुणी आडवं करा म्हणालं. एका बाईंनी पर्समधून ओवा काढला. क्लार्क काउंटरमागून उठून आला, पण नियमाप्रमाणे खणाला कुलूप लावून आला. आतून मॅनेजर शुक्लसाहेबही धावत आले.

"सगळे जरा थांबा," तात्यासाहेब दात आवळून म्हणाले. "लाइन वरपासून तपासत यायची असते." त्यांनी लेंग्याच्या चिरेपाशी बोट ठेवलं आणि नळीवरून ते हळूहळू पुढे सरकवू लागले. बोट बाकावर आलं. बाकावरून माझ्याकडे आलं. आणि थांबलं.

"मुकुंदराव."

"काय तात्यासाहेब? काय हवंय? पाणी देऊ?"

"जरा उठा. तुम्ही माझ्या लाइनीवर बसला आहात."

मी उठलो. त्या उठण्याचं वर्णन करण्यासारखं काही नाही. पिशवीत थेंब पडू लागल्याचा आवाज त्या शांततेत मला तरी ऐकू आला. तात्यासाहेबांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "जावई आहेत माझे. वाणिज्य शाखेचे." सगळ्यांनी समजल्यासारख्या माना हलवल्या. ओवावाल्या बाईंनी ओवा मला दिला.

हयातीचा दाखला तिथल्या तिथे झाला. शुक्लसाहेबांनी आम्हाला केबिनमध्ये नेलं, चहा सांगितला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, आता बँकेत आरडाओरडा केल्याबद्दल मला समज देणार. पण ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, "दादा, माझ्या बापूजींनाही हेच आहे. दोन वर्षं झाली. शाळेत पी.टी. शिकवायचे, सगळं मैदान त्यांच्या आवाजाला घाबरायचं. आता खोलीबाहेर येत नाहीत. मी त्यांच्याशी या विषयावर बोलू शकत नाही, ते माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही जे आज दारात बोललात..." त्यांनी चहाचा कप आमच्याकडे सरकवला.

तात्यासाहेबांनी चहा बशीत ओतला, प्यायला, आणि म्हणाले, "शनिवारी तुमची अर्धी सुट्टी ना? येतो."

शनिवारी आम्ही गेलो. वाटेत तात्यासाहेबांनी मला बजावलं, "तिथे आपण फक्त नळीच्या बाहेरचं बोलायचं. आतलं काम डॉक्टरांचं. आणि तुम्ही उभे राहायचं."

शुक्लसाहेबांचे बापूजी मागच्या खोलीत होते. मोठ्या हाडाचा माणूस, पण अंग चोरून बसलेला. मांडीवर शाल, शालीखाली फुगवटा. पिशवी कुणाला दिसू नये म्हणून ते ती बिछान्यावर, शालीखाली, आपल्या कुशीशी घेऊन बसत होते. आम्ही आल्यावर त्यांनी शाल आणखी ओढली. त्यांची सून हेमाबेन पाणी ठेवून लगेच निघून गेली. त्या घरात सगळेच त्या खोलीतून लगेच निघून जात असावेत.

तात्यासाहेबांनी प्रकृती विचारली नाही. समोरच्या खुर्चीत बसले, खाकी पिशवीची बटणं काढली आणि आतली पिशवी त्यांना दाखवली.

"ही माझी," ते म्हणाले. "तुमची बघू."

बापूजींनी मुलाकडे पाहिलं. शुक्लसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. मी छताकडे.  मग शाल हलली.

"अरे रे, साहेब," तात्यासाहेब म्हणाले, "तुमची टाकी आणि तुमचा नाला एकाच लेव्हलवर! पाणी बिचारं जाईल कुठे? रोज दुखतं ना खाली?"

बापूजींनी मान हलवली. "आ लोकोने नथी कह्युं," ते पुटपुटले. यांना नाही सांगितलं. तात्यासाहेबांनी बापूजींना हात धुवून यायला सांगितलं आणि त्यांच्याच हाताने त्यांची पिशवी बिछान्याखाली अडकवून घेतली. माझ्या बाबतीत त्यांनी जो आवाज वापरला असता तो नव्हे, अगदी हलक्या आवाजात ते त्यांना एकेक गोष्ट सांगत गेले. मग त्यांनी बँकेतली हकीकत सांगितली. माझ्या उठण्यापर्यंत हकीकत आली तेव्हा बापूजींनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. शुक्लसाहेब दचकून वळले. बापूजी हसत होते. मी लगेच उठून, नळीवर बसल्यावर माणूस कसा उठतो, ते करून दाखवलं. एरवी मी मानी माणूस आहे, पण त्या दिवशी मी ते दोनदा करून दाखवलं.

सुनेत्राने एक जादा पिशवी शिवून दिली होती. तीही खाकी. बापूजींनी ती उलटसुलट करून पाहिली, बंद ओढून पाहिले. लेंग्याची शिवण उसवून चीर करायचं काम शुक्लसाहेबांनी स्वतः ब्लेडने केलं. 

"चालो," तात्यासाहेब म्हणाले. "फाटकापर्यंत. पुढचं पुढे."

बापूजी उभे राहिले. उंबऱ्यापाशी थांबले. तात्यासाहेबही थांबले, घाई केली नाही, नुसते शेजारी उभे राहिले. मग दोघं उतरले. दोन म्हातारे, दोन खाकी पिशव्या, उन्हात. बापूजींची पाठ पायरीगणिक सरळ होत होती. फाटकाशी पोचेपर्यंत चालीत लय आली होती, डावा-उजवा, डावा-उजवा, आणि तात्यासाहेब ती लय सांभाळायला धापा टाकत होते. शुक्लसाहेब ओट्यावर उभे होते. त्यांना चष्मा पुसायचा होता, पण तो काढायचं त्यांना सुचत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून हेमाबेनने बाहेर पाहिलं. सासरे पिशवी घेऊन फाटकाबाहेर चाललेले. बहुधा जुन्या सवयीनेच तिच्या तोंडून निघून गेलं, "बापूजी, कोथमीर लेता आवजो!"

आणि मग तिने एकदम तोंडावर हात धरला.

बापूजी वळले. त्यांनी सुनेकडे पाहिलं, हातातल्या पिशवीकडे पाहिलं आणि तात्यासाहेबांकडे पाहिलं. मैदान घाबरायचं तो आवाज कसा असेल याची मला त्या वेळी कल्पना आली, कारण ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे हसले.

"मुकुंदराव," तात्यासाहेब मला म्हणाले, "कोथिंबीर तुम्ही आणा. आमच्या पिशव्या भरलेल्या आहेत."